राग मजुरीचा, मार परक्याला

माणूस पोटासाठी परमुलखात जातो. तिथं कधी कधी त्याच्याविरुद्ध द्वेषाच्या संघटना निघतात. त्या कशा निघतात, हे आपण एका खऱ्या घटनेवरून पाहू.

अमेरिकेच्या पश्चिम भागात बेलिंगहॅम नावाचे गाव आहे. १९०७ साली तेथे लाकूड कापण्याच्या गिरण्या होत्या. आपल्या पंजाबातली माणसं तिथं कामाला गेली होती. बहुतेक शीख होते. मालक त्यांना कमी मजुरीवर घेत. गोऱ्या मजुरांना धास्ती पडली, ‘हे लोक स्वस्तात राबले तर आपली मजुरी घसरेल, कामही जाईल.’

पोटाची काळजी कोणाला नसते? पण मजुरी ठरवीत होता मालक. त्याला जाब विचारणे अवघड. पगडी बांधणारा, वेगळी भाषा बोलणारा मजूर मात्र समोरच होता. त्याला मारणं सोपं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत झाली.

धास्ती एकेकट्याच्या मनात असते तोवर ती नुसती कुरकुर असते. पुढारी तिला बोट दाखवायला माणूस देतात, सभा भरवतात, मग तिची संघटना होते. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात जपानी व कोरियन लोकांना देशाबाहेर ठेवण्यासाठी अशी संघटना निघाली. कामगारांचे पुढारीच तिच्यात पुढे होते. नंतर तिने साऱ्या आशियाई लोकांवर रोख धरला.

४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅममध्ये सुमारे ५०० गोऱ्यांचा जमाव निघाला. त्यांनी हिंदी मजुरांना बिऱ्हाडांतून ओढून काढले, मारले, चीजवस्तू लुटली. पोलिसांनी जमाव मोडला नाही. थोड्याच दिवसांत हिंदी मजूर गाव सोडून गेले. शिक्षा कोणालाच झाली नाही.

पुढे १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९४६ साली ते किलकिले झाले, तेही वर्षाला १०० माणसांपुरते. २००७ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, बेलिंगहॅमच्या नगराध्यक्षांनी झाल्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली.

परका मजूर आला म्हणून द्वेषाची संघटना आपोआप उगवत नाही. पोटाची धास्ती असते, ती कोणी पेटवतो आणि बाकीचे बघत राहतात, तेव्हा ती उभी राहते. म्हणून आम्ही सांगतो, परक्यावर हात उचला असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी एवढंच विचारावं : बाबा, आमची मजुरी ठरवतो कोण?