एसईलिनक्सच्या सुरक्षा-धोरणामुळे सेवा सुरू न होणे : निदान व उपाय

प्रस्तावना :
लिनक्स सर्व्हरवरील एखादी सेवा सुरू होत नसेल, तर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणाच बंद करण्याकडे अनेकांचा कल असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुली केलेली ही यंत्रणा २००३ मध्ये कर्नेलच्या २.६ आवृत्तीत समाविष्ट झाली. ती बंद करणे हा उपाय का नव्हे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
पारंपरिक पद्धतीत फाइलची मालकी व परवानगी तपासली जाते. एसईलिनक्स याशिवाय प्रत्येक प्रक्रियेला व फाइलला लेबल देते. कोणत्या प्रक्रियेने काय वाचावे, हे धोरण ठरविते. उदाहरणार्थ, अपाचे वेब सर्व्हरचे नवे प्रमाणपत्र रूटच्या निर्देशिकेतून ‘एमव्ही’ आज्ञेने योग्य जागी हलविले, तर जुने लेबल फाइलसोबत जाते. ‘सीपी’ने केलेल्या नव्या प्रतीस मात्र सामान्यतः नव्या जागेचे लेबल मिळते. पहिल्या प्रसंगी परवानगी बरोबर असते, प्रशासकास फाइल वाचताही येते. तरीही अपाचे सुरू होत नाही.

निदान :
‘सेटएनफोर्स ०’ या आज्ञेने यंत्रणा केवळ नोंद घेते, अडवीत नाही. या अवस्थेत सेवा सुरू झाली, तर कारण धोरणातच आहे असे समजावे व ‘सेटएनफोर्स १’ने बंधन त्वरित पूर्ववत करावे. ‘ऑसर्च’ आज्ञेने नकाराच्या नोंदी पाहाव्यात. त्यांत प्रक्रियेचे लेबल, फाइलचे लेबल व नाकारलेली कृती आढळते. काही नकार धोरणानुसार नोंदविले जात नाहीत. ते ‘सेममॉड्यूल’च्या ‘डीबी’ पर्यायाने प्रकट होतात.

उपाययोजना :
१) लेबल चुकले असल्यास ‘रीस्टोअरकॉन’ चालवावे.
२) सामग्री अपरिचित निर्देशिकेत असल्यास ‘सेमॅनेज’ने त्या जागेचे लेबल आधी धोरणात नोंदवावे, मग ‘रीस्टोअरकॉन’ चालवावे. केवळ ‘सीएचकॉन’ने केलेला बदल पुनर्लेबलनात पुसला जातो.
३) धोरणात वेब सेवेसाठी ८०, ४४३ असे ठरावीक पोर्ट असतात, वेगळा पोर्ट हवा असल्यास त्याचीही नोंद ‘सेमॅनेज’नेच करावी.
४) ‘ऑडिट२अलाउ’ने नवा नियम बनविणे हा शेवटचा मार्ग. ही आज्ञा नकाराचे रूपांतर परवानगीत करते. तो नकार योग्य होता की नाही, हे ती ठरवीत नाही. वरील उदाहरणात असा नियम केल्यास अपाचेला रूटच्या निर्देशिकेतील त्याच लेबलच्या इतर फाइलीही वाचण्याची मुभा मिळेल.

समारोप :
यंत्रणा पूर्ण बंद असताना निर्माण झालेल्या फाइलींना लेबल मिळत नाही; त्यामुळे ती पुन्हा सुरू करताना संपूर्ण फाइल-प्रणालीचे पुनर्लेबलन करावे लागते. सारांश, नकाराची नोंद हा अडथळा नसून निदानाचा पुरावा आहे. तो वाचून एक लेबल दुरुस्त केल्यास सेवा सुरू होते आणि विद्यार्थ्यांच्या माहितीचे संरक्षणही अबाधित राहते.