न्हावा-शेवाचा धडा : संगणकाची नवी आवृत्ती कधी घ्यावी?

२७ जून २०१७ रोजी नवी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे ते टर्मिनल. ते चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची जगभरची संगणकयंत्रणा ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रामने त्या दिवशी ठप्प केली. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेली ही साथ आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली आणि कंटेनरांची ये-जा अडली.

हा प्रोग्राम विंडोजमधल्या ज्या फटीतून पसरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. मात्र तो पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत असे. म्हणजे दुरुस्ती आवश्यक खरी, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही; कामाची वेगळी प्रत हवीच.

घरच्या संगणकाची नवी आवृत्ती घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर इथेच सापडते. नवी सजावट, नवी बटणे ही कारणे दुय्यम. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळतात का, हा खरा प्रश्न. त्या मिळत असतील तर थांबायला हरकत नाही. नव्या आवृत्तीतले सुरुवातीचे दोष तोवर निस्तरले जातात.

२०१५ साली आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, आणि फसगत तिथेच होते : नव्याने सापडणारी फट आता आपोआप बुजत नाही. घरगुती वापरकर्त्याने नोंदणी केल्यास सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. यंत्र त्यात बसत नसेल, तर ते भंगारात काढण्याआधी मोफत मिळणाऱ्या लिनक्सचा विचार करावा. बँकेचे व्यवहार मात्र आधार संपलेल्या संगणकावर करू नयेत.

लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. नव्या यंत्रात तो फाँट नसला की कथा-कवितांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवर सारे लेखन युनिकोडमध्ये बदलून घ्यावे, मूळ फाइलींसह वेगळ्या डिस्कवर ठेवावे, आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून दोन-चार पाने वाचता आली, की मगच नव्या आवृत्तीला हात घालावा.