जुनी टर्बो गाडी घेताना

गेल्या वर्षी आमच्या गटाने जुनी डिझेल गाडी घेतली. पापड-मसाले रत्नागिरीच्या प्रदर्शनांना न्यायला दर वेळी भाडं परवडत नव्हतं. गाडीच्या पाठीवर ‘टर्बो’ लिहिलेलं. आम्ही समजलो, पळायला चांगली असणार!

टर्बो म्हणजे काय, ते आम्हाला नंतर गॅरेजमध्ये कळलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाटेत एक छोटा पंखा फिरवतो. त्याच दांडीवर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. चुलीला फुंकणीने हवा दिली की जाळ उठतो ना, तसंच. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण ही दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि तेही ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल जुनं, घाण झालं की पहिला मार तिलाच.

आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा मालकाने ती आधीच चालू करून गरम ठेवली होती. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. तुम्ही मात्र सकाळी जा, बॉनेटला हात लावून बघा, गार असेल तरच पुढे बोला. चालू केल्यावर निळा धूर निघत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. जोर दिल्यावर काळा धूर आणि ओढ नाही, तर हवा कुठेतरी गळतेय. ऑइल बदलल्याची बिलं मागा. आम्ही मागितली नाहीत. मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याचा नको.

साखरप्याहून आंबा घाट चढताना ‘फुस्स’ आवाज झाला, मागे काळा धूर, गाडी मुंगीसारखी. हवेचा रबरी पाइप फाटला होता. तो स्वस्तात बदलला असता, पण मेकॅनिकने आत बोट घालून दांडी हलवून दाखवली. चांगलीच डुगडुगत होती, पाइपात ऑइल साचलेलं. नवा टर्बो बसवायला 22,000 रुपये गेले. आम्ही 10 जणी, महिन्याला प्रत्येकीची बचत 200 रुपये. म्हणजे 11 महिन्यांची बचत! त्या महिन्याच्या बैठकीत काय काय ऐकून घेतलं ते सांगत नाही.

आता गाडी छान ओढते. फक्त चढावर वेग पडायच्या आधीच खालचा गिअर टाकावा लागतो, कारण इंजिनाचे फेरे कमी झाले की टर्बोचा जोर मिळत नाही. सकाळी चालू केल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश नेतो. ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेलंच घालतो, तारीख वहीत लिहितो. आणि घाट चढून आंब्याला चहाला थांबलो की इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या दांडीला ऑइल मिळत राहतं. आमच्या खजिनदार ताई अजूनही कुरकुरतात, ‘उगाच डिझेल जळतंय.’ जळू दे म्हणतो आम्ही.