मॅटवरची थाप

१९५०च्या दशकातल्या अमेरिकेत पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाची नोकरी एका संशयावरून जायची. त्याच काळात लॉस एंजलिसचा छायाचित्रकार बॉब मायझर दोन तरुणांना समोरासमोर उभं करून कुस्तीच्या छोट्या मूक फिल्म काढत होता. 'ॲथलेटिक मॉडेल गिल्ड' हा त्याचा स्टुडिओ १९४५चा, 'फिजिक पिक्टोरियल' हे नियतकालिक १९५१चं. वरवर सगळा मामला शरीरसौष्ठवाचा. पण गिऱ्हाईक कोण, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. टपालातून अश्लील चित्रं पाठवल्याच्या आरोपाखाली मायझरने १९४७मध्येच शिक्षा भोगली होती. पुढे १९६२मध्ये अशाच तीन मासिकांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निकाल दिला.

कुस्ती हा निव्वळ आडोसा होता, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. आडोशाची गरज सत्तरच्या दशकात सरली, उघड चित्रपट मिळू लागले, तरी कुस्तीचे चाहते हटले नाहीत. उलट त्यांना लुटुपुटूची झटापट पुरेना. आधी निकाल न ठरलेली, जोडीदार हार कबूल करेपर्यंत चालणारी सबमिशन कुस्ती हवी झाली.

आपल्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. सबमिशनमध्ये पाठ टेकल्यावरच खरी रंगत येते. खालच्याने वरच्याचा हात दोन्ही मांड्यांत आवळलाय, कोपर उलटं ताणलं जातंय, मानेच्या शिरा तटतटल्यात. मग मोकळ्या हाताची थाप समोरच्याच्या अंगावर पडते, दोनदा, तीनदा, आणि पकड तत्क्षणी सुटते. लढत थांबवायची ती हरणाऱ्याने, आणि जिंकणाऱ्याने ते मानायचं. पुरुषाचं बळ आणि पुरुषाची शरणागती एकाच जागी, अपमानाशिवाय दिसते. शाळेच्या मैदानावर ज्याला बायल्या म्हणून हिणवलं गेलं, त्याला याची ओढ वाटावी यात मला विकृत काही दिसत नाही. त्यात शरीराची ओढही आहेच, ती लपवायचं कारण नाही.

१९८२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिले 'गे गेम्स' भरले. ते उभे करणारे टॉम वॅडेल १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये डेकॅथलॉन खेळलेले. नावात 'ऑलिम्पिक' हा शब्द वापरायला न्यायालयाने मनाई केली, स्पर्धा मात्र झाल्या, आणि त्यांत कुस्तीही होती. वॅडेल १९८७मध्ये एड्सने गेले. समलिंगी पुरुषांचे कुस्तीचे क्लब पुढे टिकले. पडद्यासमोर बसलेला चाहता तिथे स्वतः मॅटवर उतरला, आणि या साऱ्या प्रवासात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे सप्टेंबर २०१८च्या निकालाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा कलम ३७७चा धाक संपला. तेव्हा वस्तादांना एवढीच विनंती: असा पोरगा तालमीत आला, तर त्याला दारातून परत पाठवू नका, डाव शिकवा.