लिनक्स टाकल्यावर बॅटरी पळते? आधी लॅपटॉपमधली दुसरी चिप बघा

विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि चार तास चालणारा लॅपटॉप दोन तासांत मान टाकायला लागला, पंखाही सारखा घोंघावतो, अशी तक्रार इंजिनिअरिंगची पोरं नेहमी करतात. नवी बॅटरी घेण्याआधी एक गोष्ट तपासावी.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप असतात. एक प्रोसेसरमध्येच असलेली, कमी वीज खाणारी. दुसरी वेगळी, बहुतेक वेळा एनव्हिडियाची, गेम आणि थ्रीडीच्या कामासाठी. स्क्रीन सहसा छोट्या चिपला जोडलेली असते. मोठी चिप चित्र तयार करून तिच्याकडे सोपवते. काम नसताना मोठी चिप बंद व्हायला हवी. ती जागीच राहिली की बिनकामाचा पगार सुरू.

एनव्हिडियाने ही सोय 'ऑप्टिमस' नावाने 2010 मध्ये आणली, पण लिनक्सवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. मग स्वयंसेवकांनी 'बंबलबी' बनवून काम चालवलं. 2012 मध्ये फिनलंडमध्ये याच विषयावर प्रश्न आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी भर सभेत कंपनीला शिवी हासडली होती. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये कामाची सोय आली ती 2019 मध्ये.

आता उबुंटूवर 'एडिशनल ड्रायव्हर्स'मधून ड्रायव्हर घेतला की 'प्राईम-सिलेक्ट' ही कमांड मिळते. तिचे तीन पर्याय: इंटेल, एनव्हिडिया आणि ऑन-डिमांड. ऑन-डिमांडमध्ये रोजचं काम छोटी चिप करते. एखादा जड प्रोग्राम तेवढा आयकॉनवर राइट क्लिक करून मोठ्या चिपवर चालवायचा. मात्र काम संपल्यावर मोठी चिप आपोआप पूर्ण बंद होणं हे जीटीएक्स 16, आरटीएक्स 20 आणि त्यानंतरच्या मालिकांमध्येच नीट जमतं. त्याहून जुना लॅपटॉप असेल तर बॅटरीसाठी 'इंटेल' पर्यायच बरा. पर्याय बदलला की मशीन रीस्टार्ट करावं.

इथेच एक मेख आहे. अनेक लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट थेट मोठ्या चिपला जोडलेला असतो. 'इंटेल' ठेवून सेमिनारला गेलात तर प्रोजेक्टर काळाच राहणार, आणि सगळे केबलला दोष देत बसणार. आदल्या दिवशीच ऑन-डिमांड करून, प्रोजेक्टर लावून बघावं.

दुसरी चूक सिक्युअर बूटची. ड्रायव्हर टाकताना तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. घाईत बरेच जण 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग ड्रायव्हर चढतच नाही. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. नंतर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवावं. चिपचं नाव दिसलं की ड्रायव्हर बसला.

दोन्ही चिप एएमडीच्या असतील तर ही डोकेदुखी बरीच कमी. त्यांचे खुले ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. लिनक्ससाठीच नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनी दुकानात एवढं जरूर विचारावं.