'अहो'चं 'अरे' झालं, ते फुकेतला!

जळगावहून समुद्र किती लांब? रेल्वेनं मुंबई गाठायची तर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. धुळ्याहून साक्री-नवापूरमार्गे सुरतकडे उतरलं तर अंतर जरा कमी होतं. आपली तापी मात्र रोज तिकडेच निघालेली असते. भुसावळ, सावळदे, प्रकाशा करत सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. आपण खान्देशी मंडळी पुलावरून तिला टाटा करतो, बस्स! म्हणून आपल्याकडे लग्नानंतरचं फिरणं म्हणजे महाबळेश्वर, फार झालं तर मनाली, आणि विकेंडला तोरणमाळ.

नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि हे गणित जरा बदललं. मुंबईहून फुकेतला थेट विमान, पाचेक तासांचा प्रवास. गोव्याच्या खर्चात अजून थोडी भर घातली की पासपोर्टवर शिक्का! आमच्याही घरात हे वाक्य ऐकलं गेलं, अर्थात जेवताना, सगळ्यांसमोर.

मी जळगावची, नवरा धुळ्याचा. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि हनिमून अजून 'पेंडिंग'. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये बियाणं, जुलैत खतं, ऑगस्टमध्ये फवारणीची औषधं, आणि कापूस घरात यायला लागला की उधारीची वसुली. मोकळा महिना म्हणाल तर सप्टेंबर. आता फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. पॅकेजवाला फक्त 'ऑफ सीझन, एकदम स्वस्त' एवढंच म्हणाला. पावसाळा हा शब्द त्याच्या तोंडून काही बाहेर पडला नाही. आम्हीही विचारलं नाही म्हणा.

घराचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तीन खोल्या, सहा माणसं. आमची खोली आणि सासूबाईंची खोली यांच्यात एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, खोलीत 'तू'. पण तो 'तू' कायम कुजबुजीतला. आनंद, राग, हिशेब, सगळं व्हॉल्यूम दोनवर. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी नॉर्मल आवाजात बोललोच नव्हतो, हे माझ्या लक्षात आलं ते परदेशात.

तर पहिला दिवस. धुळ्याहून गाडी करून मुंबई, पहाटेचं विमान, आणि घड्याळ दीड तास पुढे करून सकाळी पावणेदहाला फुकेत. (जाणाऱ्यांसाठी टीप: 1 मे 2025 पासून थायलंडचं 'डिजिटल अरायव्हल कार्ड' पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट्सच्या नादी लागू नका.) विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आणि आमचं हॉटेल कारोन बीचला, म्हणजे अजून तासाभराची टॅक्सी. साडेअकराला रिसेप्शनवर उभे राहिलो तर मुलगी गोड हसली आणि म्हणाली, चेक-इन दोन वाजता!

अडीच तास. रात्रभर झोप नाही, पोटात विमानातला एक बन. त्याला तिथेच सोफ्यावर आडवं व्हायचं होतं, मला समुद्र बघायचा होता. 'पासपोर्ट कुणाकडे आहेत?' या प्रश्नावरून जे सुरू झालं ते 'तुझ्या आत्याच्या लग्नात काय झालं होतं' इथपर्यंत गेलं. तेही कुजबुजत! परत आल्यावर जळगावच्या तीन जोड्यांशी बोलले. एक बालीला गेलेली, दोन पट्टायाला. तिघांचंही ट्रिपमधलं पहिलं भांडण विमानतळ आणि चेक-इन यांच्या मधल्या वेळेतच झालेलं. सर्व्हे वगैरे नाही हं हा, पण आमच्या जिवाला बरं वाटलं. हॉटेलला आदल्या दिवशी मेल टाकून 'लवकर खोली मिळेल का?' विचारता येतं, आणि कपडे बदलण्यापुरतं सामान वरच्या बॅगेत ठेवता येतं. हे शहाणपण अर्थातच नंतरचं.

शेवटी सामान हॉटेलमध्येच लॉक करून निघालो. रस्ता ओलांडला आणि तो समोर! जुहूचा बघितला होता, पण इथं अंदमान समुद्र सरळ अंगावर आल्यासारखा. पांढरी वाळू, करडं आकाश, आणि दर थोड्या अंतरावर लाल झेंडा. लाटा अशा, की बघूनच मी वाळूत बसले.

नवरा विहिरीत शिकलेला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून, चुलत्यानं वरून ढकलून. गावाकडच्या पोरांना असतो तसा त्याला त्याचा भारी अभिमान. 'मला पोहता येतं,' म्हणाला आणि चप्पल काढली. झेंडा दिसत होता, पण आपल्याकडे लाल झेंडा म्हणजे काय, तर मोर्चा! गुडघ्यापर्यंत गेला, मागे वळून हसला. कमरेपर्यंत गेला. मग एक लाट आली, गेली, आणि जाताना त्याला घेऊन गेली. फार नाही, चार-पाच हात. पण उभा राहायला गेला तर पायाखाली काहीच नव्हतं. त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसला.

मी ओरडले. 'अरे ए! मागे ये! अरे!' एवढ्या मोठ्या आवाजात मी शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर कधी ओरडले नसेन. तेवढ्यात शिटी वाजली आणि लाइफगार्ड फ्लोट घेऊन धावत आला. त्याला पाण्यात उतरावं लागलं. खांद्याला धरून बाहेर आणलं तेव्हा नवरा नाका-तोंडातून खारं पाणी काढत होता आणि लाइफगार्ड, विशीतला पोरगा, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होता, 'रेड, रेड.'

तो प्रकार काय होता ते नंतर वाचलं. त्याला 'रिप करंट' म्हणतात. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जायला एक अरुंद वाट शोधतं आणि त्या वाटेनं वेगानं आत ओढतं. वरून ती जागा उलट शांत दिसते, लाटा कमी फुटतात, म्हणून माणूस नेमका तिथेच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं हातपाय मारून दमू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडा. पावसाळ्यात कारोन-काताच्या बाजूला ही ओढ जोरात असते. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. लाल-पिवळे झेंडे रोवलेले दिसले तर त्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं. विहिरीत ओढ नसते, हे माझ्या नवऱ्याला आता पाठ आहे.

त्यानंतर तासभर तो काही बोललाच नाही. मीही नाही.

पोटात कावळे मात्र बोलत होते. आमच्याकडचा शिधा (कळण्याच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट शेव) बॅगेत आणि बॅग लॉकमध्ये. शाकाहारी मंडळींसाठी एक युक्ती: पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल रंगात 'जे' असं थाई अक्षर शोधा. म्हणजे मांस नाही, अंडं नाही, फिश सॉस नाही, कांदा-लसूणही नाही. जळगावच्या जैन मंडळींना घरी आल्यासारखं वाटेल! फुकेतमध्ये दरवर्षी नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव असतो, आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो. नुसतं 'व्हेज' म्हणून भाजी मागवलीत तर भाज्या येतील, पण माशाच्या सॉसमध्ये परतलेल्या.

आम्हाला सापडलं ते कोपऱ्यावरचं सुपरमार्केट. तिथं काउंटरपाशी केळी. डझन नाही, फणी नाही. एक केळं, एका प्लास्टिकच्या पाकिटात, किंमत दहाच्या आसपास बाथ. म्हणजे आमच्या वेळच्या भावानं पंचवीस-तीस रुपये! नवऱ्याचं तोंड तिथं उघडलं. 'रावेर-यावलला क्विंटलनं भाव काढतात, आणि इथं एकाला पाकीट?' मग दुकानदारी सुरू झाली. वाहतूक किती, वाया किती, पॅकिंग किती. फुटपाथवर बसून दोन केळी खाल्ली आणि मला कळलं, हा सावरला.

खोली मिळाली. दार लावलं आणि तो हळूच म्हणाला, 'घाबरलीस का?' मीही हळूच म्हणाले, 'हो.' आणि मग आम्ही दोघंही थांबलो. पलीकडे कोण होतं? कुणीच नाही! तरी कुजबुजतोय. आधी हसू आलं. मग मला रडू फुटलं, आणि ते दाबायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी बाल्कनीत, पाऊस पडत असताना, मी जे दोन वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. वेगळं राहायचं का? तो एकुलता एक. धुळ्यात हा प्रश्न म्हणजे काय असतो, हे मी सांगायला नको. तो बराच वेळ गप्प होता.

'दुकानावरची खोली आहे,' म्हणाला.

'तिथं खताची पोती आहेत.'

'पोती हलवता येतात.' मग थोड्या वेळानं, 'पण जेवायला खालीच. आईला वाईट वाटेल.'

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुकान घरापासून पाच मिनिटांवर आहे. पत्र्याचं छत, मे महिन्यात तिथं कोण राहणार, हेही डोक्यात येऊन गेलं.

रात्री नऊला, म्हणजे तिकडे साडेसातला, व्हिडिओ कॉल वाजला. स्क्रीनवर सासूबाई. मी नकळत शॉर्ट्सवर टॉवेल ओढला, आवाज खाली आला आणि बाथरूमच्या दिशेनं म्हणाले, 'अहो, आईंचा फोन आहे.'

'जेवनात का?' सासूबाईंनी विचारलं. 'आणि पानीमा जास्त आत जाऊ नका हां.'

'नाही हो आई, इथं लाल झेंडा आहे,' नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही झेंडा लालच होता. आम्ही ओल्ड टाऊन बघायला गेलो.