माणसं कोंडून साथ थांबत नाही

१९८९ सालच्या फेब्रुवारीत गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांचं बोलावणं आलं. गुन्हा काहीच नव्हता. तो नेमाने रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. त्याला मात्र हे कोणी सांगितलंच नव्हतं. पोलीस स्टेशनातून त्याला इस्पितळात नेलं आणि तिथून पूर्वीच्या एका क्षयरोग रुग्णालयात एकट्याला ठेवलं. दाराशी पोलिसांचा पहारा होता. एचआयव्हीबाधित सापडला की त्याला अलग ठेवा, असं तेव्हा गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदाच सांगत होता.

डॉमिनिक दोन महिन्यांहून अधिक काळ तिथे होता. त्याची आई ल्युसी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेली. वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. डॉमिनिकची सुटका झाली खरी, पण अलग ठेवण्याची तरतूद रद्द करायला न्यायालयाने नकार दिला. बाहेर आलेला डॉमिनिक गप्प बसला नाही. स्वतःचं नाव आणि चेहरा न लपवता तो बोलत राहिला. १९९२ मध्ये त्याने सोबत्यांसह ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला.

त्या कायद्यामागे भीती होती. ती समजण्यासारखीही होती, कारण औषध नव्हतं. पण त्यातून साधलं काय? एचआयव्ही शेजारी बसून, एका ताटात जेवून किंवा डास चावून पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. लागण झाल्यावर माणूस कित्येक वर्षं धडधाकट दिसू शकतो. म्हणजे कोंडलेल्या एका माणसामागे बाहेर असे कितीतरी असणार, की ज्यांना स्वतःलाच पत्ता नाही. तपासणीला गेलं की पहाऱ्यात बसवतात, हे कळल्यावर त्यांच्यातलं कोण तपासणीला जाणार?

भारतात पहिली लागण १९८६ साली मद्रासमध्ये, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात सापडली. तेव्हापासून हा आजार ‘तसल्या’ लोकांचा ठरून गेला. कामाठीपुरा, बुधवार पेठ, हायवेवरचे ट्रकचालक अशी नावं ठरलेली. घरंदाज माणसाला त्याची झळ नाही, असं बिनधास्त मानलं गेलं.

हा समज पुण्यातच खोटा ठरला. डॉ. रमण गंगाखेडकर हे नाव वाचकांना कोरोनाकाळातल्या पत्रकार परिषदांमुळे परिचयाचं आहे. नव्वदच्या दशकात ते पुण्यात एचआयव्हीवर काम करत होते. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरचे डॉक्टर चमकले. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्येही १३.६ टक्के बाधित निघाल्या. यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता, तो म्हणजे नवरा.

ज्या बाईने काहीच केलं नव्हतं, तिच्यावरच पुढचं सगळं कोसळलं. नवऱ्याच्या आजारपणात तिने त्याची सेवा केली, दागिने मोडले. तो गेल्यावर तिलाच पांढऱ्या पायाची ठरवलं गेलं. सासरने घराबाहेर काढलं, माहेरने पडवीत वेगळी भांडी मांडली. गावोगाव हीच कहाणी, फक्त नाव वेगळं. पंढरपूरजवळ एका गोठ्यात टाकून दिलेल्या दोन लहान मुलींपासून मंगलताई शहा यांचं ‘पालवी’ सुरू झालं, ते २००१ मध्ये. त्या मुलींचे आईवडील एड्सने गेले होते आणि सांभाळायला कोणी नातेवाईक तयार नव्हते.

याच काळात सांगलीत मात्र वेगळीच वाट धरली गेली. १९९२ मध्ये मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ने तिथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनाच हाताशी धरलं. कंडोम कोणी वाटायचे, गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काय करायचं, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात कोणी न्यायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. एकटी बाई गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही, कारण ते शेजारच्या दारात जातं. सगळ्या गल्लीने मिळून नाही म्हटलं की त्याला ऐकावंच लागतं. यातूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पुढे अमेरिकी सरकारच्या मदतीसोबत वेश्याव्यवसायाविरोधी भूमिका मान्य करण्याची अट आली, तेव्हा २००५ मध्ये संस्थेने तो पैसाच सोडला. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्याच विरोधात सही कशी करणार? त्यांचा हा निर्णय बरोबरच होता.

औषधांची कथाही मुंबईशी जोडलेली आहे. तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झालं. पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच औषधोपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचा जीव या एका घोषणेवर तगला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक रुग्णालयांत हा औषधोपचार, म्हणजेच एआरटी, मोफत सुरू केला. त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. बाधित आईला गरोदरपणात उपचार मिळाले तर बाळही जवळपास नेहमीच निरोगी जन्मतं. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतले सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. २०१० शी तुलना करता २०२३ पर्यंत देशातल्या नव्या लागणी ४४ टक्क्यांनी कमी झाल्या.

तरीही अनेकजण एआरटी सेंटरमधून बाहेर पडताच बाटलीवरचा कागद फाडतात आणि गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओततात. गावातलं कोणी भेटू नये म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरवर नाव घालतात. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. शेतीची कामं ऐन भरात आली की फेरी चुकते, गोळ्या तुटतात आणि दबलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. त्यातच क्षयरोग गाठतो. एचआयव्हीबाधितांचे सर्वांत जास्त बळी आजही क्षयरोगच घेतो. म्हणूनच लोक काय म्हणतील ही धास्ती सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरते.

कायदा आता डॉमिनिकच्या काळातला राहिलेला नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, यांपैकी कुठेही भेदभाव केला तर राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. ग्रामसभेत, शाळेत, कंपनीच्या नोटीस बोर्डावर ते लागायला हवं.

तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. १०९७ या टोल फ्री क्रमांकावर माहितीही मिळते. लग्न ठरलं असेल, घरात सुनेला दिवस गेले असतील किंवा मनात नुसती शंका असेल, तरी तपासणी करून घ्या. आणि एकट्या बाईला पाठवू नका, दोघांनी मिळून जा.